जुन्या पद्मिनीची उतरणारी बॅटरी: माझा अनुभव

आमची प्रीमियर पद्मिनी मोटार आठवडाभर उभी राहिली की स्टार्टर नुसता टकटक करी. वास्तविक पूर्ण चार्ज झालेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत होती आणि इंजिन चालू असताना १४ व्होल्ट मिळत होते. म्हणजे बॅटरी आणि चार्जिंग ठीक होते; म्हणून गाडी बंद असताना वीज कुठे गळते का हे पाहण्यासाठी निगेटिव्ह केबल काढून, ती आणि बॅटरीचे टर्मिनल यांच्यामध्ये मल्टिमीटर (व्होल्ट व प्रवाह मोजणारा मीटर) अँपिअरवर लावला (अशा वेळी स्टार्टर मुळीच फिरवू नये, मीटरचा फ्यूज जातो), तेव्हा सगळे बंद असूनही ०.४ अँपिअर प्रवाह वाहत होता, जो ३५ अँपिअर-तासांची बॅटरी चार दिवसांच्या आत रिकामी करू शकतो. एकेक फ्यूज काढला, तरी आकडा हलेना. दोष निघाला तो मागाहून बसवलेल्या आणि फ्यूजला वगळून थेट बॅटरीवर जोडलेल्या कॅसेट प्लेअरच्या तारेत. ती इग्निशन स्विचमार्गे, स्वतंत्र फ्यूजसह जोडल्यावर मीटर शून्यावर आला.