तलाठी, सर्कल, अव्वल कारकून: कोण काय करतं आणि अर्जात काय लिहायचं

वारस लावायला पुण्या-मुंबईहून गावी गेलेली मंडळी सकाळपासून तहसीलदारांच्या केबिनबाहेर बसून राहतात आणि दुपारी शिपाई सांगतो, अहो हे तलाठ्याकडे द्यायचंय. म्हणून रजा टाकायच्या आधी माणसं नीट समजून घ्या.

सातबारा, आठ अ, फेरफार (म्हणजे जमिनीच्या हक्कात बदल झाला की होणारी नोंद) हे सगळं तलाठ्याकडे. 2024 मध्ये सरकारने पदाचं नाव बदलून ग्राम महसूल अधिकारी केलं, पण गावात कोणी तसं म्हणत नाही, समोर गेल्यावर भाऊसाहेब (कुठे आप्पा, कुठे तात्या), बाई असतील तर मॅडम. बोलताना तलाठी चालेल, अर्जावर मात्र नवीन नाव टाका आणि कंसात जुनं. एका भाऊसाहेबांकडे बऱ्याचदा दोन-तीन गावं असतात, त्याला सजा म्हणतात, तर गावासोबत सजाचंही नाव लिहा. आणि आज भाऊसाहेब नक्की कुठल्या गावाला गेलेत हे कोतवालालाच माहीत असतं, त्यामुळे त्याचा नंबर आधी घ्या. त्याला पण आता कागदोपत्री महसूल सेवक म्हणतात.

ग्रामसेवक वेगळे, ते ग्रामपंचायतीचे, महसूल खात्याशी त्यांचा संबंध नाही. त्यांचंही पदनाव त्याच वर्षी ग्रामपंचायत अधिकारी झालं. इथे एक घोळ हमखास होतो बघा: गावठाणातल्या घराचा उतारा म्हणजे नमुना 8, तो ग्रामपंचायतीत मिळतो, आणि एका खातेदाराची गावातली सगळी जमीन दाखवणारा 8अ, तो तलाठ्याकडे. बँकवाला फोनवर नुसतं "आठचा उतारा आणा" म्हणतो आणि माणूस चुकीचा कागद घेऊन परत तालुक्याला. कर्ज घरावर आहे की शेतीवर ते विचारून घ्या, म्हणजे कुठला आठ ते आपोआप कळतं.

मंडळ अधिकारी म्हणजे सर्कल. बऱ्याच सजांवर एक सर्कल असतो. तलाठी फेरफार धरतो, नोटीस काढतो, हरकतीला 15 दिवस असतात, आणि नोंद मंजूर करायची सही सर्कलची. त्यामुळे 15 दिवस उलटून गेले आणि नोंद तशीच पडून असेल तर तलाठ्याच्या मागे लागून काही होत नाही, सर्कलला गाठा. चुलत्याने हरकत घेतली असेल तर ती तक्रारी नोंद होते, सुनावणी लागते, आणि निकाल पटला नाही तर प्रांताकडे अपील, त्याला 60 दिवस. प्रांत म्हणजे उपविभागीय अधिकारी, अर्जात हेच लिहायचं.

तहसील कचेरीत तहसीलदार सही करतात पण फाईल फिरते ती क्लार्क, अव्वल कारकून आणि नायब तहसीलदार यांच्या टेबलांवरून. क्लार्कला आता महसूल सहायक म्हणतात आणि अव्वल कारकुनाला सहायक महसूल अधिकारी, दोन्ही नावं इतकी सारखी की पाटी वाचून माणूस अजूनच गोंधळतो. सरळ विचारा, "या कामाचं टेबल कोणाकडे आहे?" अर्जाच्या वर "मा. तहसीलदार साहेब, तहसील कार्यालय" आणि तालुका, एवढंच. साहेबांचं नाव टाकू नका, बदल्या होत राहतात. अर्ज आवक-जावकला द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक नंबर घेतल्याशिवाय हलू नका. क्लार्क "राहू द्या, मी बघतो" म्हणाला तरी हलू नका.

मोजणी यातल्या कोणाकडेच नाही. ती भूमी अभिलेखकडे, अर्ज उपअधीक्षक भूमी अभिलेख यांच्या नावाने, आणि शेतात येणारा माणूस भूकरमापक, ज्याला आपण मोजणीवाला किंवा सर्व्हेअर म्हणतो. बांधाचं भांडण घेऊन तलाठ्याकडे जाणारे खूप, पण हद्द मोजून खुणा दाखवायचं काम याचं.

गोव्यात जमीन असेल तर तालुक्याला तहसीलदार नाही, मामलेदार भेटतील, आणि सातबाऱ्याच्या जागी नमुना 1 व 14 मागायचा. कोकणातली म्हातारी माणसं अजूनही मामलेदार कचेरीच म्हणतात, तर पत्ता विचारताना तोही शब्द चालून जातो.

अर्ज देऊन महिने झाले आणि कोणीच काही सांगत नसेल तर माहिती अधिकारात विचारा. तिथे तहसीलदारांच्या नावाने लिहायचं नाही, "जन माहिती अधिकारी, तहसील कार्यालय" असं लिहायचं, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा आणि आवक नंबर टाकून विचारायचं की हा अर्ज आज कुठल्या टेबलावर आहे. उत्तराला 30 दिवसांची मुदत असते, नाही आलं तर त्याच ऑफिसच्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील.