शेळ्यांसाठी धान्याचा खुराक कसा निवडावा आणि तयार करावा

इंदूरला राहून राऊ, महू किंवा सांवेरकडच्या शेतावर पाच-दहा शेळ्या सांभाळणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांत खुराकाचा विचार बहुधा घरात कोणते धान्य उरले आहे यावरून होतो. खरे तर शेळी रोज कोणता चारा खाते, हे आधी पाहायला हवे. बरसीम किंवा लसूणघास यांसारखा हिरवा चारा भरपूर मिळत असेल, तर प्रथिने चाऱ्यातूनच येतात आणि खुराकातील पेंड कमी करता येते. केवळ गव्हाच्या भुशावर भागत असेल, तर मात्र पेंडीशिवाय गत्यंतर नाही.

त्यानंतर धान्य पारखून घ्यावे. इंदूरच्या छावणी भागातील धान्य मंडीत मका घेताना वरची मूठ पाहून समाधान मानू नये. पोत्यात कोपरापर्यंत हात घालावा आणि आत ऊब लागली किंवा कुबट वास आला, तर ते पोते सोडून द्यावे. ओलाव्याची शंका असल्यास घरी एक सोपी परीक्षा करता येते. कोरड्या काचेच्या बरणीत थोडे कोरडे मीठ व मूठभर दाणे घालून झाकण लावावे, चांगले हलवावे आणि पंधरा मिनिटे थांबावे. मीठ काचेला चिकटले, तर दाण्यात १५ टक्क्यांहून अधिक ओलावा आहे आणि तो साठवण्याजोगा नाही. हिरवट-पिवळी बुरशी दिसलेल्या मक्यात अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष असू शकते. ते धुऊन किंवा भाजून खात्रीने जात नाही, म्हणून असा मका स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

दहा किलो खुराकासाठी मक्याचा भरडा ४ किलो, गव्हाचा कोंडा २ किलो ७०० ग्रॅम, हरभऱ्याची चुनी (डाळ करताना निघणारा चुरा) १ किलो ७०० ग्रॅम, तेल काढलेली सोयाबीन पेंड १ किलो ३०० ग्रॅम, खनिज मिश्रण २०० ग्रॅम आणि मीठ १०० ग्रॅम घ्यावे. यातून सुमारे १६ टक्के प्रथिने मिळतात. माळव्यात घरोघरी सोयाबीन असते, म्हणून ते कच्चेच दळून घालण्याचा मोह होतो. परंतु कच्च्या सोयाबीनमधील काही घटक प्रथिनांच्या पचनात अडथळा आणतात आणि करडांना त्याचा विशेष त्रास होतो. मका चक्कीवर जाडसर भरडून आणावा, एका दाण्याचे तीन-चार तुकडे झाले की पुरे. पीठ झाले तर ते नाकात जाऊन शेळ्या शिंकतात आणि पोटात ते फार लवकर आंबते. मीठ व खनिज मिश्रण आधी थोड्या कोंड्यात कालवून मगच सगळ्यात मिसळावे, म्हणजे ते एका जागी साठत नाही. पावसाळ्यात दोन आठवड्यांपुरताच खुराक करावा आणि पोती फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवावीत.

देण्याची पद्धत सर्वांत महत्त्वाची आहे. एका पावसाळ्यात आमची एक शेळी रात्री दावे सोडवून गव्हाच्या उघड्या पोत्याशी पोहोचली. सकाळी ती दात खात, पोट ताठ करून उभी होती, रवंथ बंद होता आणि पशुवैद्य येईपर्यंत तिला उभे राहणेही अशक्य झाले होते. ती वाचली, पण तिचे दूध कायमचे आटले. धान्यातील स्टार्च एकदम पोटात गेला की तेथे आम्ल वाढते आणि चारा पचवणारे जंतू मरतात. म्हणून खुराक रोज ५० ग्रॅमपासून सुरू करून दोन आठवड्यांत हळूहळू वाढवावा, आधी थोडा सुका चारा खाऊ घालावा आणि दिवसाचा वाटा सकाळ-संध्याकाळ विभागून द्यावा.

साधारण ३० किलोच्या शेळीला रोज २०० ते २५० ग्रॅम पुरतो. गाभण शेळीला शेवटच्या दीड महिन्यात ३०० ते ४०० ग्रॅम द्यावा, आणि दुभत्या शेळीला प्रत्येक लिटर दुधामागे सुमारे ३०० ग्रॅम अधिक. खच्ची बोकडांना मात्र कोंड्याचा भाग कमी ठेवावा. कोंड्यात फॉस्फरस फार असल्याने त्यांच्या मूत्रमार्गात खडे होण्याचा धोका वाढतो, आणि त्यांच्यासमोर स्वच्छ पाणी दिवसभर असावेच.

पहिल्या पंधरवड्यात रोज सकाळी लेंड्या पाहाव्यात. त्या सुट्या, घट्ट गोळ्यांऐवजी एकत्र चिकटून किंवा पातळ पडू लागल्या, तर खुराक त्याच दिवशी निम्मा करावा आणि लेंड्या पूर्ववत होईपर्यंत वाढवू नये.