रेस्क्यू कुत्रा घरी आणलाय? त्याला रुळवायचं कसं, नाशिककरांसाठी

कुत्रा अडॉप्ट केला की पहिल्या संध्याकाळी घरात जत्रा भरते. शेजारचे येतात, मावशी व्हिडिओ कॉल लावते, पोरं त्याला उचलून फोटो काढतात, आणि तो बिचारा कोपऱ्यात अंग चोरून बसलेला असतो. मग सगळे म्हणतात, किती शांत आहे हो, किती गुणी. तो गुणी वगैरे नाहीये, तो घाबरलाय. रस्त्यावरून शेल्टरमध्ये, तिथून कुणाच्या तरी फॉस्टर (म्हणजे तात्पुरत्या सांभाळणाऱ्यांच्या) घरी आणि आता तुमच्याकडे, प्रत्येक वेळी माणसं बदलली, वास बदलले, त्याला काय कळणार की हे शेवटचं घर आहे.

कुत्रेवाल्या लोकांत एक ढोबळ हिशोब चालतो, तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने. तीन दिवस नुसती धास्ती उतरायला, तीन आठवडे घरातलं रुटीन कळायला, तीन महिने हे घर आपलंय असं वाटायला. काहींना कमी लागतात, मार खाल्लेल्या कुत्र्याला बरेच जास्त. पण एवढं पक्कं धरा की सुरुवातीला जितकं कमी कराल तितकं लवकर जमेल.

आणायच्या आधी

जागा ठरवून ठेवा. हॉलचा कोपरा चालेल, पण येण्याजाण्याच्या वाटेतला नको, टीव्हीशेजारचा नको, आणि त्याच्या मागे भिंत हवी म्हणजे मागून कुणी येणार नाही याची त्याला खात्री राहते. जुनी गोधडी, पाण्याचं जड भांडं, एवढं बास. महागडा बेड आत्ता घेऊ नका, बरेच जण पहिल्या आठवड्यात तो फाडतात.

ज्यांच्याकडून आणताय त्यांना नीट विचारून घ्या: काय खातो, कितीदा खातो, लसीचं कार्ड कुठंय, नसबंदी झालीये का, लहान मुलांशी कसा आहे, कशाला घाबरतो. झाडू उचलला की दबकतो का हे मी तरी हमखास विचारते. कानाच्या टोकाला खाच असेल तर सहसा नसबंदी आणि रेबीजची लस झालेली असते, तरी कार्ड मागाच, कारण लस कधी दिली ते कानावरून कळत नाही.

आणि घरातल्या सगळ्यांशी आधीच बोला. सकाळी कोण नेणार, खायला कोण घालणार, सोफ्यावर चालेल की नाही. आई खाली उतर म्हणते आणि बाबा ये ये म्हणून थोपटतात, असं झालं की कुत्र्याला काही म्हणजे काही कळत नाही.

घरात आणताना

शक्यतो सकाळी आणा, सुट्टीच्या आदल्या दिवशी आणा. टू-व्हीलरवर पुढे बसवून द्वारका सर्कलच्या ट्रॅफिकमधून आणायचं धाडस नको, रिक्षा किंवा कार करा आणि एकाने मागे त्याच्याजवळ बसा. हार्नेस (छातीभोवती बसणारा पट्टा) घातलेला हवा. नुसता गळ्यातला पट्टा घाबरलेला कुत्रा मान मागे खेचून क्षणात काढतो. नवे कुत्रे पळून जातात ते बहुतेक पहिल्या काही दिवसांतच, त्याला तुमचं घर माहीत नसतं आणि तुमचा आवाजही ओळखीचा नसतो. म्हणून पट्ट्याला फोन नंबरचा बिल्ला पहिल्या दिवसापासून लावा, आणि मेन दरवाजा उघडायच्या आधी कुत्रा कुठंय ते बघायची सवय अख्ख्या घराला लावा, दूधवाला आला तरी, कुरिअर आलं तरी.

वर नेण्याआधी खाली सू करू द्या. मग घरात आणून त्याची जागा दाखवा, पाणी दाखवा, आणि बाजूला व्हा.

पहिले तीन दिवस

काही करू नका म्हणजे खरंच काही करू नका. पाहुणे नको, आंघोळ नको (वास येत असेल तर ओल्या फडक्याने पुसा), शेक हॅण्ड शिकवणं नको, मिठी तर नकोच नको, माणसाला मिठी म्हणजे माया पण अनोळखी कुत्र्याला ते अडकवून धरल्यासारखं वाटतं. डोळ्यांत रोखून बघू नका. पलंगाखाली गेला तर तिथेच राहू द्या, ओढून काढू नका.

ओळखीतल्या एका घरी, इंदिरानगरला, एक गावठी कुत्री आणली होती, ती दोन दिवस वॉशिंग मशीनच्या मागून बाहेर येईना. सगळे बिस्किटं घेऊन हाका मारून थकले. मग आजींनी काय केलं, स्वयंपाकघरात खाली बसल्या, तिच्याकडे पाठ करून, आणि मटार सोलत बसल्या. बोलल्या नाहीत, वळल्या नाहीत. बऱ्याच वेळाने एक दाणा घरंगळत गेला आणि मागून नाक पुढे आलं, दाणा उचलला, चावला, परत मागे. आजींनी दुसरा दाणा तसाच मागे सोडला. शेंगा संपेपर्यंत कुत्री त्यांच्या पदराचा वास घेत उभी होती, आणि आजींनी तेव्हाही हात पुढे केला नाही. हे जमलं पाहिजे. जवळ यायचं की नाही ते त्याने ठरवायचं, आपण नाही.

अंग काय बोलतंय ते बघायला शिका. शेपूट पायात, कान मागे, खाणं समोर नसताना ओठ चाटणं, झोप नसताना जांभया, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, हे सगळं "मला भीती वाटतीये, थांब" असं आहे. आणि गुरगुरला तर रागावू नका. गुरगुरणं ही त्याने दिलेली वॉर्निंग आहे, त्याबद्दल मार खाल्ला तर पुढच्या वेळी तो वॉर्निंग न देता चावेल. मागे व्हा, कशामुळे गुरगुरला ते शोधा. जेवताना आणि झोपेत त्याला हात लावायचा नाही हे लहान मुलांना बजावून सांगा, आणि मुलं व कुत्रा दोघांनाच खोलीत सोडू नका, कितीही गोड वाटत असलं तरी.

खाणं

आधी जे खात होता तेच काही दिवस द्या. बदलायचं असेल तर साधारण आठवडाभरात थोडं थोडं, जुन्यात नवं मिसळत. पहिल्या दिवशी न खाणं नॉर्मल आहे, पण पाणीसुद्धा पीत नसेल, किंवा मोठा कुत्रा दुसऱ्या दिवशीही तोंड लावत नसेल तर डॉक्टर. पिल्लू असेल तर एवढंही थांबू नका. दूध-पोळी हा आपला आवडता मेन्यू, पण मोठ्या झालेल्या पुष्कळ कुत्र्यांना दूध पचत नाही, जुलाब लागतात. त्यापेक्षा भात आणि उकडलेलं चिकन, अंडं, थोडं दही, वाफवलेला भोपळा किंवा गाजर, सगळं बिनमिठाचं बिनमसाल्याचं. शिजवलेली हाडं अजिबात नाहीत, त्यांच्या कपच्या आतड्यात घुसतात.

आता नाशिककरांनी हे नीट वाचा. आपण द्राक्षांच्या आणि कांद्याच्या गावचे, आणि कुत्र्यासाठी या दोन्ही गोष्टी विष आहेत. द्राक्षं, मनुके, बेदाणे यांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते, त्यातलं टार्टारिक ॲसिड त्याला कारण असावं असं आता मानतात, आणि किती दाणे चालतील असा कुठलाही सुरक्षित आकडा नाही, एखाद्याला थोड्याशाने त्रास होतो आणि एखाद्याला जास्त खाऊनही होत नाही, त्यामुळे नशिबावर सोडायचं नाही. जानेवारी ते एप्रिल घरोघरी द्राक्षांच्या पेट्या येतात आणि त्या जमिनीवरच ठेवलेल्या असतात, त्या वर उचला. शिऱ्यातला, लाडवातला, प्रसादातला बेदाणासुद्धा यात आला. चिंचेतही हेच ॲसिड असतं, त्यामुळे चिंचेची आमटीही नको. खाल्लं असं कळलं तर उलटीची वाट बघत बसू नका, लगेच डॉक्टरांना फोन करा, पहिले काही तासच कामाचे असतात.

कांदा आणि लसणाने रक्तातल्या लाल पेशी फुटतात. कच्चा, शिजवलेला, तळलेला, पावडर, सगळं सारखंच वाईट. म्हणजे मिसळीचा उरलेला रस्सा भातावर घालून कुत्र्याला देणं बंद. हा त्रास लगेच दिसत नाही, दोन-चार दिवसांनी हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी गडद होते, आणि तोवर कांदा खाल्ला होता हे आपण विसरून गेलेलो असतो. चॉकलेट नको, झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असलेलं शुगर-फ्री च्युइंगगम नको. ताप वाटला म्हणून आपल्या डब्यातली पॅरासिटामॉल किंवा आयब्रुफेन देऊ नका.

सू-शी

मोठा कुत्रा असला तरी तो घरात सू करणार हे धरून चला. उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर, झोपायच्या आधी बाहेर न्या, दरवेळी त्याच जागी, आणि केली की तिथल्या तिथे खाऊ द्या, घरी आल्यावर नाही, तोवर कशाचं बक्षीस ते तो विसरलेला असतो. घरात झाली तर गपचूप पुसा. नाक घासणं, वर्तमानपत्राची गुंडाळी दाखवणं यातून तो एवढंच शिकतो की तुमच्यासमोर सू करायची नाही, मग तो सोफ्यामागे जाऊन करतो. एन्झाइमवालं क्लीनर मिळतं ते वापरा, वास राहिला की तो परत तिथेच जातो.

डॉक्टर

पहिल्या आठवड्यात एकदा दाखवून आणा, तब्येत बरी दिसत असली तरी. जंताचं औषध, रेबीज, आणि पार्व्हो-डिस्टेंपर-लेप्टो या आजारांवरची एकत्र लस, मागचं कार्ड बघून डॉक्टर ठरवतील. लेप्टो उंदरांच्या लघवीतून पसरतो, पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून कुत्र्यालाही होतो आणि आपल्यालाही, त्यामुळे ती लस टाळू नका. पिल्लाला रक्ताचे जुलाब आणि उलट्या सुरू झाल्या तर त्याच तासाला निघा, पार्व्हो वाट बघत नाही.

रेस्क्यू कुत्र्यात गोचीड हा हमखास विषय. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, पट्ट्याखाली रोज हात फिरवून बघा (आधी त्याला हात लावू द्यायची सवय होऊ द्या). गोचिडातून टिक फीवर होतो: ताप, खाणं बंद, मरगळ, कधी नाकातून रक्त. रक्त तपासल्याशिवाय नक्की कळत नाही. नुसत्या कुत्र्याला औषध लावून भागत नाही, भिंतीच्या फटी आणि गोधडीही साफ करायला लागते.

त्याने कुणाला चावलं किंवा ओरखडलं, अगदी लस झालेली असली तरी, जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी माणसांच्या दवाखान्यात जा. हळद, चुना, तिखट काही लावू नका.

फिरायला

पहिले काही दिवस फक्त बिल्डिंगच्या खाली, एकच रस्ता, थोडा वेळ. जॉगिंग ट्रॅकवरची गर्दी, गोदाघाट, सोमेश्वर हे सगळं नंतर. गल्लीतले कुत्रे नव्या कुत्र्यावर धावून येणारच, तो त्यांचा एरिया आहे. आपल्या कुत्र्याला उचलून पळायचं नाही, दगड मारायचा नाही, मधे उभं राहून शांतपणे दिशा बदलायची, आणि त्यांना खाऊ घालणारं कुणी असेल तर त्यांच्याशी ओळख करून घ्या, ते सोबत असले की लवकर जमतं.

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशीला जातो. हाताची मागची बाजू डांबरावर पाच-सात सेकंद ठेवून बघा, तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसत नाही.

आणि बिबट्या. शहरात बिबट्या शिरल्याच्या बातम्या आपण वाचतोच, आणि त्याला कुत्रा म्हणजे सोपी शिकार. गंगापूरच्या पुढे, मखमलाबाद, म्हसरूळ, देवळाली, दारणेच्या काठाने किंवा मळ्यात राहत असाल तर रात्री कुत्रा अंगणात बांधून ठेवू नका, साखळीला बांधलेल्याला पळताही येत नाही. रात्री त्याची जागा घरात, आणि शेवटची सू उजेडात, पट्टा हातात धरून.

आवाज

नाशिक ढोल आपला अभिमान आहे, पण कुत्र्याचे कान आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण आहेत. गणपती, दिवाळी, लग्नसराई यात आणत असाल तर जरा थांबा, सण उरकू द्या. घरी असेलच तर आतली खोली, पडदे ओढलेले, फॅन आणि टीव्ही चालू, मिरवणूक यायच्या आधी फिरवून आणलेलं. तुमच्याजवळ येऊन थरथरला तर जवळ घ्या, त्याने भीती वाढत नाही. रंगपंचमीला त्याच्यावर रंग नको, तो अंग चाटतो आणि रंग पोटात जातो. सिंहस्थात पंचवटी-तपोवनकडे राहणाऱ्यांनी फिरायची वेळ आणि रस्ता गर्दी सुरू व्हायच्या आधीच बदलून ठेवा.

एकटं राहणं

सुट्टी काढून आठवडाभर चिकटून राहायचं आणि सोमवारी एकदम आठ तास गायब, असं करू नका. पहिल्या आठवड्यापासूनच किल्ली उचला, चप्पल घाला, दार ओढा, मिनिटभरात परत या. हळूहळू वेळ वाढवा. जाताना येताना मोठा निरोप समारंभ नको.

सोसायटीत कुरकुर झाली तर भांडू नका, पण एवढं माहीत असू द्या की भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्टलाही नाही. आपल्या बाजूने शी उचलायची, लिफ्टमध्ये पट्टा आखूड धरायचा, महापालिकेत नोंदणी करून घ्यायची.

महिनाभराने तो भुंकायला लागेल, चपला पळवेल, आधी शांत होता आता बिघडला असं वाटेल. बिघडला नाही, आता कुठे मोकळा झालाय, ट्रेनिंग सुरू करायची हीच वेळ. आणि सगळं करूनही जमतच नसेल, चावायचे प्रकार होत असतील, घरात कुणाला झेपत नसेल, तर ज्यांच्याकडून आणला त्यांना फोन करा, त्यांना राग येणार नाही, त्यांना तो परत हवाच असतो. हायवेच्या ढाब्यावर किंवा पांडवलेणीच्या पायथ्याशी सोडून येऊ नका. असं सोडून देणं हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० खाली गुन्हा आहे, आणि नुकतंच घर कळलेला कुत्रा तिथे जगत नाही.