बेस्ट-वर्स्ट सर्व्हे: वैयक्तिक स्कोअर १ च्या वर जात असेल तर (माझा अनुभव)

या सर्व्हेत प्रत्येक संचातून एक 'सर्वोत्तम' आणि एक 'सर्वात वाईट' पर्याय निवडायचा असतो. माझ्याकडे १० पर्याय, ९ संच, प्रत्येक संचात ४ पर्याय. प्रत्येक व्यक्तीचा प्रत्येक पर्यायासाठीचा स्कोअर −१ ते +१ मध्येच हवा, पण काहींचा १.३३ येत होता. डुप्लिकेट ओळी शोधल्या, नव्हत्या. प्रत्येक व्यक्तीसाठी वेगळं लॉजिट (निवडीच्या शक्यता काढणारं सांख्यिकी मॉडेल) चालवलं. ९ संचांत ते स्थिरावेना. दोन संध्याकाळी फुकट!

घोळ भाजकात होता. ३६ जागा १० पर्यायांत समान बसत नाहीत: काही ३ वेळा दिसतात, काही ४. मी सरसकट ३ ने भागत होतो.

आधी उत्तर न दिलेले संच वगळा. मग व्यक्तीला प्रश्नावलीची जी आवृत्ती मिळाली तिच्यावरून, उरलेल्या संचांत प्रत्येक पर्याय तिला किती वेळा दिसला ते मोजा. स्कोअर = पर्याय जितक्या वेळा 'सर्वोत्तम' निवडला वजा जितक्या वेळा 'सर्वात वाईट' निवडला, भागिले तो आकडा. कधीच न निवडलेल्या पर्यायाला ० भरा, रिकामं सोडू नका. भागण्यापूर्वी प्रत्येक व्यक्तीच्या सगळ्या पर्यायांच्या वजाबाक्यांची बेरीज शून्य यायला हवी. भागल्यावर नाही आली तरी चालतं.