गॅरेज बांधताय? काँक्रीट ओतण्याआधी या चुका टाळा

तीन भिंती, एक शटर आणि वर छप्पर, त्यात हिशेब तो काय करायचा, असे म्हणून सुरू झालेले गॅरेज हमखास बजेटबाहेर जाते. रंग, दिवे, फळ्या यांत काही राहिले तर नंतर करता येते. पण आखणी, ढाळ किंवा जमिनीखालचे पाइप चुकले तर काँक्रीट फोडायला थेट ब्रेकरच लावावा लागतो. म्हणून या चुका कामाच्या क्रमाने घेतल्या आहेत.

घराचा चौरस फुटाचा दर गॅरेजला लावणे

अंदाज काढताना सगळ्यात जास्त फसगत इथे होते. आतून १३ × २१ फुटांचे गॅरेज म्हणजे २७३ चौरस फूट जागा आणि ६८ फूट भिंत. तेच माप दोन्ही बाजूंनी दुप्पट केले तर जागा चौपट होते, भिंत मात्र दुप्पटच. म्हणजे बांधकाम जितके लहान, तितका प्रत्येक चौरस फुटावर पाया आणि भिंतीचा बोजा जास्त. उलट स्वयंपाकघर, न्हाणीघर, खिडक्या यांचा खर्च इथे नसतो. घराचा दर त्यामुळे कोणत्याच बाजूने लागू पडत नाही.

बाबवार यादी करा: परवानगी आणि इंजिनिअरची फी, खोदाई, पाया, भराव आणि सोलिंग (दगडांचा दाबलेला थर), फ्लोअर काँक्रीट, भिंती, लिंटेल (दारावरची काँक्रीटची तुळई), छप्पर, शटर, वायरिंग, प्लास्टर, रॅम्प, पाण्याचा निचरा. शेवटचे दोन बहुतेक कोटेशनांत नसतातच, कारण ते ‘गॅरेजच्या बाहेर’ येतात. प्रत्येक ठेकेदाराला हीच यादी देऊन दर भरून घ्या, तरच तुलना करता येते. एकूण रकमेवर १० टक्के शिल्लक धरा. जमीन भरावाची किंवा पावसात फुगणाऱ्या काळ्या मातीची असेल तर १५ टक्के. काम झाल्यावर ५ ते १० टक्के रक्कम पहिल्या मोठ्या पावसापर्यंत राखून ठेवायची, हे आधीच लेखी ठरवा.

माप बाहेरून धरणे

नकाशावर १३ फूट रुंदी लिहिली आणि गवंड्याने ती बाहेरून धरली, तर ९ इंची दोन भिंतींत दीड फूट जातो आणि आतल्या प्लास्टरमध्ये आणखी इंचभर. आत साडेअकरा फूटही उरत नाहीत. मध्यम एसयूव्हीची बॉडी सहा फुटांच्या आसपास असते. चालकाच्या बाजूला दार उघडून उतरायला अडीच ते तीन फूट, दुसऱ्या बाजूला दीड फूट आणि भिंतीला फूटभर खोलीची फळी धरली की १३ फुटांतले फारसे काही शिल्लक राहत नाही. लांबीत गाडी १५ फूट, डिकी उघडून उभे राहायला ३ फूट, पुढे चालायला ३ फूट. आखणीच्या दिवशी दोऱ्याच्या आत गाडी उभी करून चारही दारे उघडून बघा. पाच मिनिटांचे काम आहे, आणि ते कोणीच करत नाही.

दाराची रुंदी आरशांसकट मोजा. आरसे उघडे असताना गाडी सात फुटांच्या जवळ जाते, म्हणून ९ फुटी दार सोयीचे. उंची ८ फूट ठेवली तर गुंडाळलेल्या शटरला वर आणखी साधारण दीड फूट लागतो. नेमका आकडा शटरवाल्याकडून घेऊनच लिंटेल आणि छपराची पातळी ठरवा.

पातळी डोळ्यांनी ठरवणे

गॅरेजची जमीन बाहेरच्या रस्त्यापेक्षा उंच हवी आणि घराला जोडून असेल तर घराच्या जमिनीपेक्षा चार-सहा इंच खाली. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. उंबरा नसेल तर ती सरळ घरात सरकते. याच कारणाने हवेची जाळी भिंतीत खाली हवी. सीएनजी हलका असल्याने त्यासाठी वरही हवी.

उंची वाढवली की रॅम्प लांबतो, हे विसरले जाते. एका फुटाच्या चढाला १० फूट लांबीचा रॅम्प धरा. तोच ५ फुटांत बसवला तर पुढचा बंपर तरी घासतो, नाही तर माथ्यावर गाडीचे पोट. आतल्या जमिनीला मागच्या भिंतीपासून दारापर्यंत १०० ला १ ढाळ द्या. २१ फुटांत तो अडीच इंच होतो. लेव्हल ट्यूबने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) भिंतीवर खुणा मारून घ्या. ‘देतो बरोबर’ यावर सोडू नका.

छपराचे पाणी कमी वाटते. बाहेरून १५ × २३ फुटांच्या छपरावर ५० मिलिमीटर पाऊस पडला की १६०० लिटर पाणी खाली येते. ते दारासमोर नको. पन्हळ मागे किंवा बाजूला काढा.

काँक्रीटखाली जायचे ते विसरणे

आज इलेक्ट्रिक गाडी नसली तरी मीटरपासून गॅरेजपर्यंत ३२ मिलिमीटरचा रिकामा पाइप टाकून ठेवा, आत ओढायची तार घालून. ७.४ किलोवॉटच्या चार्जरला ३२ अँपिअर करंट लागतो; त्याला वेगळी लाइन, वेगळा एमसीबी (करंट जास्त झाला की लाइन तोडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) आणि चांगले अर्थिंग हवे. घरातल्या सॉकेटवरून एक्स्टेन्शन ओढून चालत नाही. गाडी धुण्याचे पाणी, अंगणातला दिवा, गेटची मोटर यांचे पाइपही याच वेळी.

जमिनीत काटकसर

भराव एकदम टाकून वर पाणी सोडणे ही जुनी खोड. सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थराला पाणी आणि धुम्मस, मग सोलिंग, पीसीसी (सळईविना काँक्रीटचा थर) आणि त्यावर पाच इंची काँक्रीट. २७३ चौरस फुटांना १:१.५:३ (सिमेंट, वाळू, खडी) प्रमाणात साधारण २६ गोणी सिमेंट, अर्धा ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) वाळू आणि एक ब्रास खडी लागते. खालचा थर सपाट नसेल आणि जाडी सरासरी एक इंच वाढली तर पाच गोण्या जास्त. हा खर्च कोटेशनमध्ये कुठेच दिसत नाही.

पाणी गोणीला ३० लिटरच्या वर नको, आणि त्यात वाळूतला ओलावाही मोजायचा. मजुरांना पातळ माल ओढायला सोपा जातो, पण पुढे पृष्ठभाग पिठासारखा सुटतो. सळईची जाळी तळाशी पडून राहिली तर भेगा आवरत नाही; ती वरच्या तिसऱ्या भागात राहील अशा खुर्च्या (जाळी उचलून धरणारे सळईचे आधार) लावा. ओतल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी, दर १० फुटांवर, सव्वा इंच खोल सांधे कापा. काँक्रीट आक्रसणारच, सांधा नसेल तर ते स्वतःच्या मर्जीने फाटते. किमान १० दिवस ओले ठेवा.

घराच्या भिंतीला गॅरेज चिकटवताना मध्ये इंचभर सांधा ठेवा. जुना पाया बसून झालेला असतो, नवा अजून बसायचा असतो.

शटर आधी मागवणे

प्लास्टर झाल्यावरच माप द्या. रुंदी वर, मध्ये, खाली घ्या. दोन्ही कर्ण मोजा. कडांना ओळंबा लावा. कर्णांत अर्ध्या इंचापेक्षा जास्त फरक असेल तर आधी कडा दुरुस्त करा, नाही तर शटर चॅनलमध्ये अडकत राहील.

बांधून झाले आहे, आता?

शटरखालून पाणी येत असेल तर आत सिमेंटचा उंचवटा करून भागत नाही, पाणी बाहेर साचून कडेने झिरपते. दाराबाहेर पूर्ण रुंदीची चारी कापा, गाडीचे वजन पेलणारी जाळी बसवा आणि चारीचे तोंड उतारावर काढा.

भेग केसासारखी आणि दोन्ही कडा एका पातळीत असतील तर ती आक्रसण्याची; भरून टाका. एक कड खाली गेली असेल तर हातोडीने ठोकून बघा. पोकळ आवाज म्हणजे खालचा भराव बसला आहे. वरून कोबा चढवणे तिथे वाया जाते. तेवढा भाग काढून भराव पुन्हा दाबावा लागतो.

जमिनीवरचा एपॉक्सी रंग बहुधा ओलाव्यामुळे सुटतो. नव्या काँक्रीटला २८ दिवस द्या. मग दीड बाय दीड फुटांचे पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव दिसले किंवा खालचे काँक्रीट काळपट पडले असेल, तर रंगाचा डबा आणखी काही दिवस बंदच राहू द्या.