मिलानची वही: क्लबचे किताब आणि खेळाडूंचे विक्रम नीट कसे नोंदवायचे

गुन्नार नॉर्दालचे गोल किती? एका ठिकाणी २१० सापडतात, दुसरीकडे २२१, तिसरीकडे २२५. तिन्ही आकडे बरोबर आहेत. २१० हे त्याने एसी मिलान या इटलीतल्या फुटबॉल क्लबकडून सेरी ए, म्हणजे इटलीच्या सर्वांत वरच्या लीगमध्ये केलेले गोल. २२१ हे मिलानकडूनच, पण सगळ्या स्पर्धा धरून. आणि २२५ हे सेरी एमधले एकूण, कारण मिलान सोडल्यावर रोमाकडून त्याने आणखी १५ केले. २१० आणि १५ मिळवून बघा, हिशेब जुळतो.

मी अमळनेरला एका जिनिंगमध्ये हिशेब लिहितो. कापसाची गाडी काट्यावर आली की आधी भरल्या गाडीचं वजन होतं, माल खाली झाला की रिकाम्या गाडीचं, आणि शेतकऱ्याला पैसे मिळतात ते मधल्या फरकाचे. कुठलं वजन ते न लिहिता नुसता आकडा टाकलेली काटापट्टी मी पुढे सरकू देत नाही. फुटबॉलच्या विक्रमांनाही मी तोच नियम लावतो: आकडा लिहायचा तो हद्दीसकट. कुठली स्पर्धा, कुठल्या क्लबकडून, कुठल्या तारखेपर्यंत. ही तीन उत्तरं नसतील तर तो आकडा वहीत घेऊ नका.

गल्लीतली पोरं मोबाइल घेऊन माझ्याकडे येतात, "नाना, खरा आकडा कोन्ता शे?" म्हणून विचारतात. त्यांच्यासाठी आणि त्यांच्यासारख्या सगळ्यांसाठी हे लिहितोय. क्लब तुमच्या आवडीचा घ्या. माझा मिलान आहे, म्हणून उदाहरणं मिलानची.

वही आडव्या रेघांची, जाड पुठ्ठ्याची घ्या. मोबाइलमध्ये नंतर उतरवा, पण पहिली नोंद हाताने करा. हाताने लिहिताना प्रत्येक ओळीपाशी थांबावं लागतं आणि थांबलं की शंका येते. तीच शंका आपल्याला हवी आहे. वहीचे दोन भाग पाडा, पुढून किताब आणि मागून खेळाडू.

किताबांच्या भागात प्रत्येक स्पर्धेला वेगळं पान. मिलानचे लीगचे किताब १९: १९०१, १९०६, १९०७, मग १९५०–५१, १९५४–५५, १९५६–५७, १९५८–५९, १९६१–६२, १९६७–६८, १९७८–७९, १९८७–८८, १९९१–९२, १९९२–९३, १९९३–९४, १९९५–९६, १९९८–९९, २००३–०४, २०१०–११ आणि २०२१–२२. यातले पहिले तीन एका वर्षाचे आणि बाकीचे जोडवर्षाचे का दिसतात, ते पानावरच लिहून ठेवा. सगळ्या संघांनी एकमेकांशी दोनदा खेळायची आजची एका गटाची सेरी ए १९२९–३० पासून सुरू झाली. त्याआधीची स्पर्धा वेगळ्या घडणीची होती. १९०१ साली मिलानने अंतिम सामन्यात जेनोआला जेनोआच्याच गावात ३–० हरवलं आणि तो पहिला किताब. क्लबची स्थापना डिसेंबर १८९९ ची, म्हणजे दीड वर्षाच्या आत. संस्थापकांतला हर्बर्ट किल्पिन हा नॉटिंगहॅमचा माणूस, कापडधंद्यातल्या नोकरीसाठी इटलीत आलेला. कापसाच्या गावात बसून ही ओळ लिहिताना मला फार बरं वाटलं होतं.

जुने किताब कमी तोलाचे म्हणून गाळू नका, मोजणीत ते आहेतच. फक्त त्यांच्यापुढे 'जुनी पद्धत' असा शेरा मारा. १९०७ नंतर थेट १९५१ पर्यंत मिलानला लीग जिंकता आली नाही, हेही त्या पानावर आपोआप दिसतं.

शेऱ्याचा रकाना रुंद ठेवा. इटलीच्या फुटबॉलमध्ये त्याच्यावाचून चालत नाही. टोरिनोचा १९२६–२७ चा किताब काढून घेतला गेला आणि तो कोणालाच दिला नाही. युव्हेंटसचे दोन किताब पंचांच्या नेमणुकीत ढवळाढवळ केल्याच्या २००६ च्या प्रकरणात गेले; २००४–०५ चा रिकामा राहिला आणि २००५–०६ चा इंटरला मिळाला. त्याच प्रकरणात मिलानचेही २००५–०६ च्या तक्त्यातून ३० गुण कापले गेले आणि पुढचा हंगाम उणे ८ वरून सुरू करावा लागला. हे मी लाल शाईने लिहिलंय. आपल्या क्लबचं असलं तरी लिहायचंच. १९८० मध्ये पैज प्रकरणात मिलानला खालच्या श्रेणीत ढकललं, आणि १९८२ मध्ये तर संघ खेळूनच खाली गेला. दोन्ही वेळा पुढच्याच हंगामात सेरी बी जिंकून तो वर आला. १९८०–८१ आणि १९८२–८३ च्या त्या दोन विजेतेपदांना वेगळं पान द्या, १९ मध्ये मिसळू नका.

दहा किताबांना जर्सीवर एक तारा मिळतो. मिलानचा दहावा १९७८–७९ चा, जान्नी रिव्हेराचा शेवटचा हंगाम. इंटरने विसावा किताब एप्रिल २०२४ मध्ये मिळवला, तोही मिलानला हरवून. तेही नोंदवलं आहे.

चषकांमध्ये तारखेचा गोंधळ जास्त. इटलीचा सुपर कप मिलानने ८ वेळा जिंकला, शेवटचा '२०२४' चा. पण त्याचा अंतिम सामना रियाधला ६ जानेवारी २०२५ रोजी झाला, मिलान ३, इंटर २. म्हणून दोन रकाने करा, 'कुठल्या वर्षाचा' आणि 'प्रत्यक्ष कधी खेळला'. तारीख नेहमी सामना जिथे झाला तिथली धरा. २००७ चा चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना अथेन्सला २३ मे रोजी झाला. आपल्याकडे तो सुरू झाला तेव्हा रात्रीचे सव्वाबारा, म्हणजे २४ मे लागलेली. खान्देशातला मे महिना, घरचे सगळे गच्चीवर झोपलेले, आणि खाली मी टीव्हीचा आवाज बंद करून इंझागीचे दोन गोल बघितले. मनात ती तारीख २४ च आहे, वहीत २३ लिहिली आहे.

आता सगळ्यात श्रीमंत पान. युरोपातला सर्वांत मोठा चषक मिलानने ७ वेळा जिंकला. १९९२–९३ पासून त्याचं नाव चॅम्पियन्स लीग झालं, आधी युरोपियन कप होतं. मोजणी एकच. या पानाला नेहमीच्या रकान्यांशिवाय 'कर्णधार' आणि 'प्रशिक्षक' असे दोन जादा रकाने पाडा. माझ्या वहीतली पहिली ओळ अशी आहे:

२२ मे १९६३ | वेम्बली, लंडन | बेन्फिका | २–१ | गोल आल्ताफिनी २ | कर्णधार चेझारे माल्दिनी | प्रशिक्षक रोको

याच रकान्यात खाली या. १९६९, माद्रिद, आयाक्स, ४–१, कर्णधार रिव्हेरा, प्रशिक्षक पुन्हा रोको. १९८९, बार्सिलोना, स्टेआवा, ४–० आणि १९९०, व्हिएन्ना, बेन्फिका, १–०, दोन्हीला कर्णधार बारेसी, प्रशिक्षक साक्की. १९९४, अथेन्स, बार्सिलोना क्लबवर ४–०, प्रशिक्षक कापेलो, पण कर्णधार तासोत्ती, कारण बारेसीवर त्या सामन्याची बंदी होती. २००३, मँचेस्टर, युव्हेंटस, ०–० आणि पेनल्टींवर ३–२, कर्णधार पाओलो माल्दिनी. म्हणजे १९६३ ला इंग्लंडमध्ये बापाने उचललेला चषक ४० वर्षांनी इंग्लंडमध्येच पोराने उचलला. २००७ ला पुन्हा तोच कर्णधार. या शेवटच्या दोन्ही ओळींत प्रशिक्षक आंचेलोत्ती, जो १९८९ आणि १९९० च्या संघात स्वतः खेळलेला. नुसतं '७ वेळा' लिहून भागवलं असतं तर यातलं काहीच हाती लागलं नसतं.

समोरच्या पानावर हरलेले अंतिम सामने लिहा: १९५८, १९९३, १९९५, २००५. शेवटचा इस्तंबूलचा. मध्यंतराला ३–० पुढे, मग लिव्हरपूलशी ३–३ आणि पेनल्टींवर पराभव. त्यात माल्दिनीने पहिल्याच मिनिटाला गोल केला होता, म्हणून खेळाडूंच्या भागासाठीही ते पान लागतं.

बाकी चषक पटापट उरकता येतात. इटालियन कप ५, युरोपातला कप विनर्स कप २ (१९६८ आणि १९७३), युरोपियन सुपर कप ५. जगज्जेतेपदाचं मात्र जपून लिहा. युरोप आणि दक्षिण अमेरिकेच्या विजेत्यांमधला इंटरकॉन्टिनेन्टल कप ३ वेळा (१९६९, १९८९, १९९०), आणि फिफाचा क्लब वर्ल्ड कप एकदा, २००७ मध्ये बोका ज्युनियर्सला ४–२ हरवून. फिफाने २०१७ मध्ये जुन्या इंटरकॉन्टिनेन्टल विजेत्यांनाही जगज्जेते मानलं, म्हणून काही जण सरळ ४ लिहितात. तुम्ही '३ अधिक १' असं लिहा, वाचणाऱ्याला दोन्ही कळेल.

आता मागून वही उघडा. प्रत्येक खेळाडूला एक पान आणि त्यात हंगामवार ओळी, नुसती बेरीज नको. लीग, देशातले चषक, युरोप, इतर असे चार उभे रकाने आणि पाचवा बेरजेचा. पाओलो माल्दिनीपासून सुरुवात करा. वयाच्या सोळाव्या वर्षी, २० जानेवारी १९८५ ला उदिनेला पहिला सामना, ३१ मे २००९ ला फ्लोरेन्सला शेवटचा. मिलानकडून एकूण ९०२ सामने, त्यातले सेरी एचे ६४७. क्लबचा विक्रम म्हणून दोन्ही त्याचेच. पण सेरी एचा सर्वांत जास्त सामन्यांचा विक्रम आता त्याचा नाही. २०२० मध्ये बुफॉन त्याच्या पुढे गेला आणि ६५७ वर थांबला. क्लबचा विक्रम आणि लीगचा विक्रम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पोरांना याच पानावर सगळ्यात लवकर समजतं.

माल्दिनीच्या मागे बारेसी, ७१९ सामने. त्याचा ६ क्रमांक आणि माल्दिनीचा ३ क्रमांक क्लबने निवृत्त केले. गोलांमध्ये नॉर्दाल पहिला, २६८ सामन्यांत २२१. हा स्वीडनचा, नोकरीने अग्निशामक दलाचा माणूस. सेरी एमध्ये पाच हंगाम सर्वाधिक गोल त्याचेच. त्याच्यामागे शेवचेन्को १७५, रिव्हेरा १६४, आल्ताफिनी १६१.

पदकं मोजताना 'संघात होता' आणि 'मैदानात होता' हे वेगळं ठेवा. कोस्ताकुर्ताच्या नावावर युरोपचे पाच चषक आहेत, पण १९९४ च्या अंतिम सामन्यात बंदीमुळे तो खेळला नाही. चषक त्याचाच, हक्काचा. ओळीपुढे बारीक अक्षरात तेवढं लिहायचं. बॅलन डी'ओरचंही, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्काराचंही तसंच. मिलानच्या सहा खेळाडूंनी मिळून ८ वेळा तो जिंकला: रिव्हेरा १९६९, गुलिट १९८७, व्हॅन बास्टन १९८८, १९८९ आणि १९९२, विआ १९९५, शेवचेन्को २००४, काका २००७. यात जॉर्ज विआ १९९५ च्या उन्हाळ्यात पॅरिसहून आलेला, म्हणजे त्या वर्षाचा अर्धा खेळ दुसऱ्या जर्सीतला. शेऱ्यात घ्या.

सलग विक्रमांना दोन टोकं असतात, दोन्ही लिहा. मिलान लीगमध्ये ओळीने ५८ सामने हरला नाही, मे १९९१ ते मार्च १९९३. पार्माच्या आस्प्रियाने गोल केला आणि साखळी तुटली. त्यामधला १९९१–९२ चा अख्खा हंगाम अपराजित, २२ विजय आणि १२ बरोबरी, गुण ५६. आजच्या पोराला ५६ गुण कमी वाटतील, कारण तेव्हा विजयाला दोन गुण मिळायचे. इटलीत तीन गुण १९९४–९५ पासून आले. म्हणून जुन्या आणि नव्या हंगामांचे गुण शेजारी मांडू नका, विजय-बरोबरी-पराभव मांडा. गोलरक्षक सेबास्तियानो रोसीची १९९३–९४ मधली ९२९ मिनिटं बिनगोलाची. लीगचा तो विक्रम २०१६ मध्ये बुफॉनने ९७४ मिनिटांनी मोडला. मोडलेला विक्रम खोडू नका, एक आडवी रेघ मारून पुढे कोणी आणि कधी ते लिहा. खालचं वाचता आलं पाहिजे.

पडताळणीसाठी दोन जागी तोच आकडा दिसला एवढं पुरत नाही, कारण पुष्कळदा दुसऱ्याने पहिल्याचाच उतरवलेला असतो. हंगामवार ओळींची स्वतः बेरीज करा. खाली तोच आकडा आला तर शाईने लिहा. नाही आला तर बहुतेक वेळा फरक एखाद्या चषकाचा असतो. लॅटिन कप (१९५१ आणि १९५६) किंवा मित्रोपा कप असे जुने चषक कोणी धरतात, कोणी सोडतात. काय धरलं ते पानाच्या माथ्यावर लिहिलं की वाद उरत नाही.

अजून खेळत असलेल्यांचे आकडे पेन्सिलीने लिहा आणि शेजारी तारीख टाका. मात्र २० डिसेंबर २०२० ला सासुओलोविरुद्ध राफाएल लेआओने ६.७६ सेकंदांत केलेल्या गोलाची नोंद शाईने चालेल, तो झालेला आहे. वर्षातून एकदाच वही पुरी करायची. इटलीचा हंगाम मे महिन्यात संपतो, आणि आखाजी होऊन गेली की जिनिंगमध्येही गाड्यांची रांग नसते. दुपारच्या उन्हात बाहेर पडवत नाही, तेव्हा बसा, बेरजा मारा, खाली तारीख घाला. नवा हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होतो, त्याच्या पानांवर आत्ताच रेघा आखून ठेवा.