लोकलमध्ये पॅनिक अटॅक येतो? शिडी अशी लावा

आधी डॉक्टरांकडून ईसीजी, थायरॉइड वगैरे तपासून घ्या. एकदाच. नॉर्मल आलं की ‘खात्रीसाठी’ पुन्हा धावायचं नाही. ती खात्री दोन दिवससुद्धा पुरत नाही.

माझ्याकडे समुपदेशनाला डोंबिवलीचे बरेच जण येतात. गर्दीत एकदा छाती धडधडली, हातांना मुंग्या आल्या, ‘गेलो आता’ वाटलं, तेव्हापासून लोकल बंद. डेव्हिड क्लार्क या मानसशास्त्रज्ञाने 1986 मध्ये हे चक्र मांडलं: धडधड होते, तिचा अर्थ ‘हार्ट अटॅक’ असा लागतो, त्या भीतीने धडधड आणखी वाढते. सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी उपचारपद्धती, हात घालते ती या अर्थालाच.

एक वही घ्या. प्रवासाआधी लिहा: काय होईल असं वाटतंय आणि किती टक्के? ‘चक्कर येऊन पडेन, 90 टक्के.’ परत आल्यावर प्रत्यक्ष काय झालं ते लिहा. ‘खूप घाबरले’ हे उत्तर नाही. पडलात का, ते लिहा.

मग शिडी, म्हणजे भीती वाटणाऱ्या प्रवासाच्या पायऱ्या, सोप्यापासून. फलाटावर बसून दोन-तीन गाड्या सोडणं. डोंबिवलीहून दुपारच्या स्लो लोकलने सोबतीने पुढचं स्टेशन, कोपर. एकट्याने कोपर. मग दिवा. मग ठाण्याची फास्ट, जिथे मध्ये उतरायची सोय फारशी नाही. शेवटी सकाळच्या गर्दीत, डब्याच्या मधोमध. एकच पायरी पुन्हा पुन्हा करा, कंटाळा येईपर्यंत. ठरलेल्या स्टेशनाआधी उतरायचं नाही. भीतीची लाट साधारण काही मिनिटांत टोकाला जाऊन ओसरू लागते. आधीच उतरलात तर मेंदू समजतो, उतरलो म्हणून वाचलो.

खरी गोम पुढे आहे. पाण्याची बाटली, नवऱ्याला चालू ठेवलेला फोन, पर्समधली ‘असू दे’ गोळी, दाराजवळची जागा (ती तशीही धोक्याचीच). हे आधार एकेक करून सोडा, नाहीतर श्रेय त्यांनाच जातं. दीर्घ श्वाससुद्धा ‘नाही घेतला तर मरेन’ म्हणून घेत असाल, तर तोही आधारच. डॉक्टरांनी दिलेली रोजची औषधं मात्र परस्पर बंद करू नका.

घरीही सराव होतो: मिनिटभर जोरजोरात श्वास घ्या, गरगर फिरा, तीच लक्षणं मुद्दाम आणा. दमा, हृदयविकार, फिट्स किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

शिडी एकट्याने चढवेना, तर सीबीटी शिकलेला थेरपिस्ट गाठा. जगणंच नकोसं वाटत असेल तर वही राहू द्या, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर लगेच फोन करा. मराठीत बोलता येतं.